वाघ्या काळा का पडला?

पत्र

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे माशांचा चार फुटी टँक आहे. लांबी १२० सेंमी, रुंदी आणि उंची ४५-४५. वर्षभरापूर्वी 'मिक्स आफ्रिकन सिक्लिड' (सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ) म्हणून बोटाच्या दोन पेरांएवढी बारा पिल्लं आणली होती. आज सात उरली आहेत: तीन यलो लॅब, दोन निळे झेब्रा, एक पीकॉक आणि वाघ्या. पिवळ्या अंगावर काळे पट्टे होते म्हणून मुलीने ठेवलेलं हे नाव. गेल्या चार महिन्यांत वाघ्या हळूहळू काळा पडला आणि जसा काळा पडला तसा बाकीच्यांच्या जिवावर उठला. टँकच्या मधोमध दगडांचा ढीग आहे, तिथे बसून असतो आणि कुणी हललं की धावून जातो. मार खाल्लेल्या माशाला मी दर वेळी बादलीत काढून ठेवते, बरा झाला की परत सोडते. तोवर दुसऱ्या कुणाची तरी पाळी आलेली असते. सध्या एक यलो लॅब वरच्या कोपऱ्यात हीटरच्या मागे उभा आहे. शेपूट फाटली आहे, दोन दिवस खाल्लेलं नाही. वाघ्याला काही आजार झालाय का? काचेबाहेर आरसा ठेवला की त्याचा राग त्यात जिरेल, असं एकाने सांगितलं. खरं आहे का? घरात सगळे म्हणतात त्याला काढून टाका, पण मुलगी ऐकत नाही. (तापमान २९ अंश. खाणं दिवसातून एकदा, सुके ब्लडवर्म, म्हणजे किड्यांच्या लाल अळ्या.)

उत्तर

ताई, आधी तो पिवळा मासा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, त्याच्याकडे तेवढा वेळ नाही.

यलो लॅब हा दगडांत राहणारा मासा. तो पर अंगाशी मिटून वरच्या कोपऱ्यात उभा राहतो तेव्हा खाली त्याला एकही जागा उरलेली नसते. त्याला आजच बाहेर घ्या, पण बादलीत नको. बादलीत फिल्टर नसतो, पाणी गार होतं आणि एका दिवसात अमोनिया चढतो. तीस-चाळीस लिटरचा डबा किंवा लहान टँक घ्या. त्यात मोठ्या टँकचंच पाणी, एक स्पंज फिल्टर, छोटा हीटर आणि लपायला फुटक्या कुंडीचा तुकडा टाका. रोज एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं असू द्या. स्वच्छ पाण्यात फाटलेली शेपूट दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी भरून येते. कापसासारखा पांढरा बुरा दिसला किंवा जखमेची कड लालसर होऊन आत सरकू लागली, तरच औषधाचा विचार करायचा. आधीपासून घाबरून औषधं ओतू नका.

याच दिवशी दुसरं एक काम करा, जे आजवर तुम्ही केलेलं नाही. मारणाऱ्यालाही बांध घाला. छतातल्या ट्यूबलाइटखाली लावतात ती चौकटी-चौकटींची पांढरी प्लास्टिकची जाळी मिळते. टँकच्या रुंदीएवढा तुकडा कापून एका टोकाला आडवा घट्ट बसवा आणि वाघ्याला त्या पलीकडे ठेवा. दगडांचा ढीग त्याच्या बाजूला नको.

आता आजाराचं. वाघ्याला काहीही झालेलं नाही, तो वयात आलाय.

तुमच्या वर्णनावरून हा ऑराटस, म्हणजे मेलानोक्रोमिस ऑराटस. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा रहिवासी. याची पिल्लं आणि माद्या सोनेरी पिवळ्या असतात, अंगावर काळे आडवे पट्टे. इतकी देखणी पिल्लं दुकानाच्या टँकमध्ये दिसली की हात आपोआप तिकडे जातो. नर मोठा होऊन इतरांवर वरचढ झाला की सगळं उलटं होतं. अंग काळपट आणि पट्टे फिकट, जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखं. बऱ्याच सिक्लिडांमध्ये रंग ही माशाची सामाजिक जागा सांगणारी पाटी असते. वरचढ नर भडक दिसतो, हरलेला फिका पडतो, आणि हा बदल पुष्कळदा महिन्यांत नाही तर मिनिटांत होतो. तुमच्या यलो लॅबचा पिवळाही आत्ता मळकट झाला असेल, बघा.

मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या या सगळ्या गटाला म्बूना म्हणतात. ऑराटस, झेब्रा, यलो लॅब, सगळे म्बूनाच. यातले बरेचसे खडकावर शेवाळाचा जो थर चढतो तो खरवडून खातात. म्हणजे नराच्या ताब्यातला खडक हे त्याचं शेत आणि तोच त्याचा मांडव, कारण मादी अंडी घालायला तिथेच येते. ते शेत तो जीव तोडून राखतो. पण सरोवरात राखणं सोपं असतं. मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि सर्वांत खोल जागी सातशे मीटरच्या आसपास. घुसखोराला थोडं अंतर पिटाळलं की तो खडकाआड जातो आणि भांडण तिथेच मिटतं. तुमच्या टँकमध्ये पिटाळलेला मासा जाणार कुठे? १२० सेंमीवर काच आहे. तो काचेला धडकून परत फिरतो आणि वाघ्याला वाटतं, हा पुन्हा आला. पळणाऱ्याच्या दृष्टीने ती माघार असते, मारणाऱ्याच्या दृष्टीने तोच दुसरा हल्ला. पाचही मासे बहुधा असेच गेले असावेत.

त्यात मार खाल्लेल्याला उचलण्याची तुमची रीत भर घालत होती. रागावू नका, मीही सुरुवातीची काही वर्षं हेच करत असे. जखमीला काढायलाच हवं, पण तेवढंच करून थांबलं की मारणाऱ्याची जागा तशीच राहते, धाकही तसाच राहतो, आणि मार खाणारा तेवढा बदलतो. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने (१९७३ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) सिक्लिडांच्या जोड्या पाळताना याच्याशीच नातं सांगणारी एक गोष्ट टिपली होती. टँकमध्ये शेजारी असले की नराचा सगळा त्वेष त्यांच्यावर निघायचा आणि स्वतःच्या मादीशी तो नीट वागायचा. बाकीचे मासे काढून घेतले की तोच नर मादीवर उलटायचा, कधी जीवही घ्यायचा. म्हणून दोन जोड्यांमध्ये काच घालून त्यांना एकमेकांना दिसतील अशा ठेवत. मजा म्हणजे त्या काचेवर शेवाळ चढून पलीकडचं दिसेनासं झालं की दोन्ही घरांत नवरा-बायकोची कुरबुर सुरू व्हायची. काच पुसली की पुन्हा शेजाऱ्यांशी भांडण, आणि घरात शांतता.

मासे हे सगळं नुसतं भोगत नाहीत, बघतही असतात. टांगानिका सरोवराच्या परिसरात आढळणाऱ्या बर्टोनी या सिक्लिडवर स्टॅनफर्डमध्ये झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नराला काचेआडून पाच प्रतिस्पर्ध्यांच्या लढती दाखवल्या. कोण कुणाला हरवतो एवढ्यावरून त्या बघ्याने पाचही जणांची उतरंड मनात लावली. ज्या दोघांची आपसात लढत त्याने पाहिलीच नव्हती, त्यांच्यातलाही कमजोर कोण हे त्याने ओळखलं. हे सांगण्याचं कारण असं, की तुमचे दोन झेब्राही चार महिने काचेत बसून बघतायत. वाघ्या गेला की गादी रिकामी राहणार नाही. त्यातला एखादा नर असेल तर तो संध्याकाळपर्यंत तिथे बसलेला दिसेल, आणि मग तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

म्हणून आधी टँकचा नकाशा बदलायचा.

मधोमध एकच ढीग ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण समोरून छान दिसतो. पण मधे एक किल्ला म्हणजे एक किल्लेदार, आणि त्याला दोन्ही टोकांपर्यंतचा सगळा मुलूख उघडा दिसतो. तो ढीग मोडा. त्याच दगडांचे, आणि अजून थोडे आणून, तीन ढीग करा. एक मोठा, दोन लहान, मुद्दाम वेडेवाकडे, मधे रिकाम्या वाळूचे पट्टे. हद्द ठरवायला माशाला खूण लागते. ढिगांमधली ती रिकामी पट्टी हीच खूण असते. निदान एक ढीग पाण्याच्या उंचीच्या दोन तृतीयांशापर्यंत न्या, म्हणजे मधल्या थरातही आडोसा मिळेल. कपारी भरपूर हव्यात, पण प्रत्येकीला दोन तोंडं हवीत. एकाच तोंडाच्या कपारीत शिरलेल्या माशाला बाहेरचा मासा दारातच कोंडतो. काही कपारी इतक्या अरुंद ठेवा की वाघ्याच्या जाडीचा मासा आत शिरूच शकणार नाही.

दगड रचताना एक पथ्य मात्र पाळाच. सर्वांत खालचा दगड वाळूवर ठेवू नका. आधी तळाच्या काचेवर पातळ प्लास्टिक किंवा फोमचा तुकडा, त्यावर दगड, आणि वाळू नंतर भोवतीने. सिक्लिड वाळू उपसतात, त्यांचा तो धंदाच आहे. मी एकदा घाईत मोठी फरशी वाळूवर टेकवून ठेवली होती. तीन आठवडे काही झालं नाही, चौथ्या आठवड्यात रात्री धप्प आवाज आला. खालची वाळू उपसून माशांनी ती आडवी केली होती. काच वाचली, पण खाली असलेली एक मादी वाचली नाही. वरचे दगड मत्स्यटँकच्या सिलिकॉनने एकमेकांना चिकटवले तर आणखी बरं.

ही उलथापालथ एकदाच करायची. काही जण दर आठवड्याला दगड हलवतात, भांडण कमी होईल म्हणून. होतं उलटं. शेजारी-शेजारी राहून ओळख झालेले मासे हद्दीवर येऊन पर ताणतात, एकमेकांना अंगाची बाजू दाखवतात, फार तर दोन शेपट्या मारतात आणि माघारी जातात. ओळखीच्या शेजाऱ्याशी भांडण थोडक्यात आटपतं, ते परक्याशी लांबतं. रोज नकाशा बदलला की सगळे पुन्हा परके. दगड हलवायचे ते नवा मासा सोडताना किंवा जुना दादा काढताना, कारण तेव्हाच आपल्याला जुन्या हक्कांवर पाणी फिरवायचं असतं.

आता राहणाऱ्यांची संख्या. हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल: चार फुटी टँकमध्ये सात म्बूना ही अडचणीची संख्या आहे, आणि अडचण अशी की मासे कमी आहेत. सात असले की दादा प्रत्येकाला ओळखून एकाच्या मागे लागू शकतो. चौदा-पंधरा असले की एकाच्या मागे धावताना मधून दुसरा जातो, मग तिसरा. मार वाटला जातो आणि कुणा एकाच्या वाट्याला मरणाएवढा येत नाही. पण या युक्तीची किंमत पाण्यात मोजावी लागते. फिल्टर मजबूत हवा. तासाला टँकच्या सात-आठ पट पाणी फिरवणारा धरा, आणि आठवड्याला ४० टक्के पाणी न चुकता बदला. हे जमणार नसेल तर गर्दी करू नका. घाण पाण्यातली गर्दी भांडणापेक्षा लवकर मारते.

(ज्यांच्याकडे अमेरिकेतले सिक्लिड आहेत त्यांनी हा परिच्छेद आपल्यासाठी समजू नये. कॉन्व्हिक्ट, ऑस्कर किंवा जॅक डेम्प्सी यांना गर्दी करून गप्प बसवता येत नाही. डेम्प्सीला तर नावच १९१९ ते १९२६ दरम्यानच्या हेवीवेट विश्वविजेत्या मुष्टियोद्ध्याचं मिळालंय. कॉन्व्हिक्टच्या जोडीने अंडी घातली की नर-मादी दोघंही पहारा करतात आणि अर्धा टँक आपला म्हणून घोषित करतात. तिथे उपाय एकच, जोडीला स्वतंत्र टँक.)

नर-मादीचं प्रमाण हा म्बूनांमधला दुसरा खटका. नर एक, माद्या निदान तीन-चार. एकच मादी असली तर नर तिला खायलाही देत नाही. ही मादी अंडी तोंडात धरते आणि तीन-चार आठवडे जवळपास उपाशी राहते. त्या काळात पाठलाग झाला की ती अंडी थुंकते किंवा दमून मरते. तुमच्या दोन झेब्रांपैकी एकाची हनुवटी फुगलेली दिसते का, लक्ष ठेवा.

तापमान २९ वरून २५-२६ वर आणा, रोज एक-एक अंशाने. गरम पाण्यात माशांचं सगळंच वाढतं, भूक, विण आणि हमरीतुमरी. ब्लडवर्म बंद करा. शेवाळ खरवडणाऱ्या माशाच्या लांब आतड्याला मांसाचं रोजचं जेवण सोसत नाही, पोट फुगून मासा जातो, आणि आपल्याला वाटतं मार खाऊन गेला. स्पिरुलिना (निळं-हिरवं शेवाळ) असलेले दाणे द्या, दिवसातून दोनदा, थोडे-थोडे, आणि टँकच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका. एका जागी टाकलेल्या खाण्यावर एकटा मासाही पहारा देऊ शकतो.

आरशाचं थोडक्यात: नको. खऱ्या भांडणात कुणीतरी हरतं, रंग सोडतं, पळतं आणि जिंकणारा शांत होतो. आरशातला मासा कधीच हरत नाही. वाघ्या पर ताणेल तेवढे तोही ताणेल. राग जिरायच्या ऐवजी तापत जाईल आणि आरसा काढला की पहिला जो समोर दिसेल त्याच्यावर निघेल. दिवा लावल्यावर मागच्या काचेत प्रतिबिंब पडत असेल तर तिथे उलट गडद रंगाचा कागद चिकटवा.

राहिला वाघ्या, आणि तुमची मुलगी. माझं मत स्पष्ट आहे. यलो लॅब आणि पीकॉक यांच्याबरोबर वरचढ ऑराटस नर चार फुटी टँकमध्ये राहू शकत नाही. दगड कितीही नीट रचले तरी नाही. यलो लॅब म्बूनांमधला सर्वांत गरीब. पीकॉक तर म्बूनाही नाही, उघड्या वाळूत वावरणारा मऊ स्वभावाचा मासा आहे. अशा घरात ऑराटस आणून सोडणं ही मुळात दुकानाची चूक, तुमची नाही. 'मिक्स' या शब्दाखाली पिल्लं विकली की मोठेपणी कोण काय होणार हे कुणालाच सांगावं लागत नाही.

पण घरातून काढायची गरज नाही. अडीच फुटी, साधारण शंभर लिटरचा टँक, फिल्टर, हीटर आणि त्याचे दगड एवढ्यात वाघ्या एकटा उत्तम राहील. वरचढ नराला एकटेपणाचा जाच होत नाही, आपल्याला उगाच वाटतं. मुलगी काचेजवळ आली की तिच्यावरही धावून येईल, आणि तेवढं तिला पुरेल. ते शक्य नसेल तर सहा-सात ऑराटस माद्या आणि तशाच दांडग्या म्बूनांचा भरलेला मोठा टँक ज्याच्याकडे आहे अशा कुणाला द्या. नदी-तळ्यात मात्र सोडू नका. तो तगला तर तिथल्या माशांचं आयुष्य खराब होईल, नाही तगला तर त्याचं.

क्रम असा ठेवा. नव्या टँकचं पाणी तयार व्हायला वेळ लागेल, तोवर वाघ्या जाळीपलीकडे. मधल्या काळात पाच-सहा लहान यलो लॅब आणि झेब्राच्या तीन-चार लहान माद्या मिळवून दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा, म्हणजे रोग आत येणार नाही. त्या वयात नर-मादी ओळखू येत नाही असं दुकानदार म्हणाला तर तो खरं बोलतोय. जास्तीची पिल्लं घ्या आणि पुढे वयात आल्यावर नर काढा. पीकॉकला मात्र त्याच्या जातीच्या टँकमध्ये घर बघा, इथे तो एकटा पडलाय. मग एका संध्याकाळी वाघ्याला हलवा, दगड नव्याने रचा, सगळ्यांना खायला द्या, दिवा बंद करा, आणि अंधारात नवी पिल्लं व बरा झालेला यलो लॅब एकाच वेळी सोडा. सकाळी सगळेच त्या घरात नवे असतील.

पुढचे दोन दिवस थोडी पळापळ होईल. तोंडाला तोंड लावून दोन झेब्रा एकमेकांना ढकलताना दिसले तरी हात घालू नका, ते ठरवतायत. एकच मासा सलग खाण्याच्या दोन वेळा वर कोपऱ्यात उभा दिसला तर घाला.

आणि दगड रचून झाले की पाणी गढूळ असेपर्यंत थांबा. मग मुलीला टँकच्या डाव्या टोकाला बसवा आणि डोळा दगडांच्या उंचीवर आणून काचेतून आरपार बघायला सांगा. तुम्ही उजव्या टोकाच्या काचेवर हात टेकवून ठेवा. तिला तुमचा हात दिसला तर अजून एक दगड हलवायचा आहे.